शेजारच्या टेबलावरच्या तिसऱ्या

ताई, नमस्कार.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सहा जण मालवणला गेलो होतो. मी, नवरा, दोन मुलं आणि सासू-सासरे. दुपारी एका नावाजलेल्या ठिकाणी जेवायला गेलो. बाहेर ही गर्दी! वहीत नाव लिहून घेतलं आणि चौदा नंबरची चिठ्ठी हातात दिली. पाऊण तास उन्हात खुर्च्यांवर बसून राहिलो. सासऱ्यांना मधुमेह आहे, त्यांची जेवणाची वेळ टळून गेली होती. तेवढ्यात एक कुटुंब गाडीतून उतरलं. चिठ्ठी नाही, काही नाही, थेट आत. मालक स्वतः पुढे आले, "येवा, येवा" करत त्यांना पंख्याखाली बसवलं. आम्हाला जागा मिळाली ती त्यांच्याच शेजारी. आम्हाला सांगितलं, सुरमई संपली, बांगडा घ्या. त्यांच्या ताटात सुरमई! शिवाय तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं, जे मेनूकार्डावर कुठेच नव्हतं. त्यांना सोलकढी न मागता पुन्हा वाढली, आम्ही मागितली तर वाटीचे वेगळे पैसे. मी मालकांना विचारायला उठले तर नवऱ्याने हात धरून खाली बसवलं, "लोकांच्या ताटात कशाला बघतेस?" वर बिलात पाच टक्के सर्व्हिस चार्ज. तो भरून बाहेर पडलो. गाडीत बसून मी गूगलवर एक स्टार द्यायला घेतला, त्यावरून पुन्हा वाद. अजून पाठवलेला नाही. आमचे पैसे काय खोटे होते? मी तक्रार करायला हवी होती की नव्हती?

– एक वाचक, डोंबिवली

* * *

नमस्कार.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. लोकांच्या ताटात बघू नये, हे खरंच. पण आपल्या ताटात काय आलं आणि काय यायचं राहिलं हे बघायलाच हवं, आणि राहिलं असेल तर बोलायलाही हवं. तुमच्या पत्रात या दोन गोष्टींची गुंतागुंत झाली आहे. तुमचा सगळ्यात जास्त राग आहे तिसऱ्यांवर आणि सगळ्यात कमी सर्व्हिस चार्जवर. तो मुकाट भरून तुम्ही बाहेर आलात! माझ्या मते राग नेमका उलटा हवा होता. सर्व्हिस चार्जकडे मी शेवटी येते, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. तिसऱ्यांचं उत्तर तेवढं सोपं नाही.

माझी मावशी मालवणात खानावळ चालवायची, त्यामुळे मागच्या दाराने हा धंदा मी पुष्कळ पाहिला आहे. सकाळी मासळी घरात आली की मावशी विळीवर बसायची. सुरमईच्या मधल्या भागाच्या गोल तुकड्या थाळीसाठी, डोकं आणि शेपटीकडचं कालवणाला. तुकड्या मोजायच्या, मीठ-हळद-आगळ लावून ठेवायच्या. जेवढ्या तुकड्या तेवढ्याच सुरमईच्या थाळ्या, हे सकाळी दहाला ठरून जायचं. मग आदल्या रात्री किंवा सकाळी ज्यांचे फोन आलेले असत, त्यांच्या तुकड्या वेगळ्या पातेल्यात निघायच्या आणि त्या पातेल्यावर झाकण पडायचं. ते झाकण दुपारी कोणासाठीही उघडत नसे, अगदी मावसकाका जेवायला बसले तरी.

तिसऱ्यांचं तर आणखी वेगळं. एकेक शिंपली विळीवर धरून उघडायची, एक कवच टाकायचं, दुसऱ्या कवचाला मांस तसंच ठेवायचं. एका टेबलापुरत्या तिसऱ्या करायच्या म्हटलं तरी एका बाईचा हात तेवढ्यातच अडकून पडतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी त्या कार्डावर लिहितच नाहीत. लिहिल्या तर दुपारी दहा टेबलांना नाही म्हणावं लागेल. कोणी आधी कळवलं तर करतात, नाहीतर नाही. वड्यांचं पीठ, उकडीच्या तांदळाची पेज, एखाद्या घरचं फणसाचं सांदण, हे सगळं याच रांगेतलं. कार्डावर नसलेला पदार्थ शेजारी दिसला म्हणजे तो आपल्यापासून लपवून ठेवला होता, असं समजायचं कारण नाही. बहुतेक वेळा तो कोणीतरी आधी सांगितलेला असतो.

तुमच्या शेजारच्या कुटुंबाने फोन केला होता का, हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. कदाचित मालकांचे व्याही असतील. कदाचित त्यांच्याच होडीची मासळी त्या स्वयंपाकघरात येत असेल. कदाचित त्या गावात बदलीवर आलेले कोणी असतील, रोजचे जेवणारे. या शेवटच्या शक्यतेवर मला थोडं थांबायचं आहे, कारण डिसेंबरात येणाऱ्या पाहुण्याला ती दिसूच शकत नाही.

१ जूनपासून जुलैअखेरपर्यंत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद, तारकर्ली-देवबागकडे फिरायला येणारं चिटपाखरू नाही. खाडीची थोडी मासळी, सुका बांगडा, सुकट, डाळ-भात यांवर खानावळ रेटायची असते. तेव्हा त्या दारात छत्री झटकून कोण येतं? बँकेतला कारकून, शाळेतले मास्तर, कोर्टाच्या तारखेला आलेला गाववाला. गॅसचं आणि लाइटचं बिल त्या दिवसांत त्यांच्या पैशांवर निघतं. मग ख्रिसमसच्या गर्दीत तोच माणूस बायको-मुलांना घेऊन आला आणि मालकांनी त्याला स्वतः वाढलं, वाटीभर सोलकढी जास्त ओतली, तर मला त्यात काहीही वावगं दिसत नाही. उलट असं न करणाऱ्या मालकाबद्दल मला वाईट वाटेल. ओळखीच्या माणसाचं हसून स्वागत होणं ही खानावळीची रीतच आहे, आणि ती टिकावी असं मला मनापासून वाटतं.

पण या रीतीला एक मर्यादा आहे, आणि तुमच्या पत्रातला खरा मुद्दा तिथे आहे. मालकांना कोणाला जास्त द्यायचं असेल तर त्यांनी स्वतःच्या वाटणीतून द्यावं. सोलकढी त्यांची, वेळ त्यांचा, तिसऱ्या त्यांच्या. तुमचा नंबर त्यांचा नव्हता. तो त्यांनी तुम्हाला दिलेला होता.

१९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, आणि तेव्हापासून कितीतरी खानावळींचं हळूहळू हॉटेल होत गेलं. पूर्वी तिथे नंबरच नव्हते. मावशी दारातून डोकावून सांगायची, "वायच थांबा हां, ताटां लावतंय," आणि लोक ओटीवर गप्पा मारत बसायचे. कोण आधी, कोण मागून, हे तीच ठरवायची, आणि म्हाताऱ्याला नाहीतर लेकुरवाळीला आधी बसवलं तर कोणी हूं की चूं करत नसे. आता वही आली, चिठ्ठी आली. चिठ्ठीवर नंबर लिहून हातात दिला म्हणजे मालकांनी शब्द दिला. त्या शब्दावर तुम्ही उन्हात बसलात, दुसरीकडे गेला नाहीत. त्यानंतर ओळखीच्यांना मधूनच आत घ्यायचं असेल तर त्यांच्यासाठी टेबल आधीपासून राखून ठेवायला हवं आणि बाहेर बसलेल्यांना तसं सांगायला हवं. एसटीत रिझर्वेशनवाला शेवटी चढला तरी आपण भांडत नाही, कारण सीटचा नंबर त्याच्या तिकिटावर असतो आणि ते कंडक्टर सगळ्यांदेखत बघतो. तुमच्या बाबतीत कोणीच काही सांगितलं नाही, म्हणून ते डोळ्यांत खुपलं. तिथे तुम्ही विचारायलाच हवं होतं.

सुरमईचंही तेच. तुकड्या राखून ठेवल्या होत्या असं धरलं, तरी "संपली" हे उत्तर चुकीचं. "आहे ती ऑर्डरची आहे" एवढं म्हटलं असतं तर तुम्ही बांगडा आनंदाने खाल्ला असता. (आणि थंडीतला ताजा बांगडा सुरमईला हार जाणारा मासा नव्हे, हे मला इथे सांगावंसं वाटतं.) तिथे मालकांचं चुकलं, आणि हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं, कारण रोज तसंच बोलून त्यांना त्यात काही चुकतंय हेच कळत नसणार.

आता विचारायचं कसं. ज्या क्षणी ते कुटुंब आत गेलं, त्याच क्षणी उठायला हवं होतं. अर्धं जेवण झाल्यावर उठलात तर मालकांना करण्यासारखं काही उरत नाही आणि शेजारचे चार घास खाली ठेवून बघत बसतात. वही घेऊन बसलेल्या मुलाला झापण्यात अर्थ नाही, त्याच्या हातात काही नसतं. गल्ल्यावर जायचं, आवाज खाली ठेवायचा आणि प्रश्न विचारायचा. "काका, आमचा चौदा नंबर आहे, पाऊण तास झाला. आता आत गेले त्यांचं आधी सांगून ठेवलेलं होतं का? आमचं साधारण कधी लागेल?" यात आरोप नाही, पण तुमच्या लक्षात आलंय हे मालकांना कळतं. दहातले आठ मालक तिथेच ओशाळतात आणि पुढचं टेबल तुमचं होतं. उरलेले दोन उद्धटपणे बोलले तर चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवून दुसरीकडे जायचं. मालवणात मासे खायला जागा कमी नाहीत.

त्या कुटुंबाशी मात्र एक शब्द बोलायचा नाही. "तुम्ही रांग मोडलीत" असं त्यांना सुनावण्याचा अधिकार तुम्हाला नाही. ती रांग तुम्ही केलेली नव्हती, मालकांनी केली होती, आणि मोडली असली तरी त्यांनीच मोडली. जेवायला आलेल्या माणसाला दुसऱ्या गिऱ्हाइकाने टोकणं आपल्याकडे फार वाईट दिसतं, आणि मुलं हे सगळं बघत असतात.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट सासऱ्यांची आहे. त्यांची वेळ टळली, साखर खाली जायची भीती, आणि तुम्ही तो पाऊण तास मनातल्या मनात जळत काढलात. अहो, त्यांच्यासाठी खास वागणूक मागायची होती ना! "काका, सासऱ्यांना मधुमेह आहे, त्यांना थांबवत नाही. आमचा नंबर लागेल तेव्हा लागेल, पण त्यांना आधी एका कोपऱ्यात भात-आमटी वाढाल का?" एवढं म्हटलं असतं तर नाही म्हणणारा मालक कोकणात शोधून काढावा लागेल. स्वयंपाकघरात नेऊन, पाटावर बसवून वाढलं असतं. तेव्हा बाहेर खुर्चीवर बसलेल्या पंधरा नंबरवालीला वाटलं असतं, हे म्हातारबुवा कसे आत गेले? तिने तुमच्या सासऱ्यांकडे रागाने बघितलेलं तुम्हाला आवडलं असतं का? एखाद्याला आधी वाढलं जातं त्यामागे काय काय असू शकतं, याचा अंदाज तुम्हाला यावरून येईल.

आणखी एक लिहायलाच हवं. खास वागणूक आणि भेदभाव एकाच रांगेत बसवू नका. ओळखीच्याला जास्त प्रेमाने वाढणं ही एक गोष्ट, आणि धर्म, जात, लिंग, जन्मस्थान बघून कोणाला आत न घेणं, वेगळं बसवणं, वेगळा पेला देणं ही अगदी दुसरी. राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांची नावं घेऊन सांगितलंय की या कारणांवरून कोणाही नागरिकाला तिथे मज्जाव करता येणार नाही. अस्पृश्यता तर कलम १७ ने गुन्हाच ठरवली आहे. याच कोकणात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. सार्वजनिक तळ्याचं पाणी, आणि त्यासाठी लोकांना मार खावा लागला. असलं काही कोणत्याही हॉटेलात दिसलं, तुमच्या बाबतीत असो की शेजारच्या टेबलावर, तर तिथे हळू आवाजाचा सल्ला मी देणार नाही. तिथे लोकांच्या ताटात बघायचं, उठायचं, आणि गरज पडली तर पोलीस ठाण्यात जायचं. तुमच्या पत्रात तसं काही नाही. "आमचे पैसे काय खोटे होते?" या तुमच्या प्रश्नामागे मात्र कोणीतरी आपल्याला कमी लेखल्याची बोच आहे, आणि ती मला कळते. पण त्या दुपारी तुम्हाला कोणी कमी लेखलं, असं मला पत्रावरून वाटत नाही. गर्दीत एका माणसाने नीट सांगायचं टाळलं, एवढंच दिसतं.

मग गूगलचा तो एक स्टार. पाठवू नका. रागाच्या भरात दिलेल्या एका स्टारमधून वाचणाऱ्याला काही कळत नाही आणि मालकांनाही काही कळत नाही. लिहायचंच असेल तर दोन-चार दिवसांनी शांतपणे लिहा, आणि जे झालं तेवढंच लिहा. नंबर मिळाला होता, पाऊण तास थांबलो, मध्ये दुसऱ्यांना आत घेतलं, कारण सांगितलं नाही, सुरमई संपली म्हणाले आणि ती शेजारी वाढली. बांगडा कसा होता, भाकऱ्या गरम होत्या का, हेही लिहा, कारण तुमच्या अख्ख्या पत्रात जेवण कसं होतं याचा एक शब्द नाही. "श्रीमंतांना मान देतात", "बाहेरच्यांना लुटतात" असलं काही लिहू नका. ते तुम्ही पाहिलेलं नाही, तुम्हाला वाटलेलं आहे.

सोलकढीच्या वाटीचे पैसे कार्डावर छापलेले असतील तर ते द्यायचे, विषय संपला. छापलेले नसतील तर बिल हातात आल्यावर विचारायचं. पापलेटसारख्या मोठ्या माशाचा भाव कार्डावर कित्येकदा नसतोच, "साइझप्रमाणे" एवढंच असतं. तिथे मासा तव्यावर पडायच्या आधी आकार बघून भाव विचारून घ्यावा. लाजायचं काही कारण नाही, बाजारात आपण विचारतोच ना?

आणि आता सर्व्हिस चार्ज. आधी बिल शोधा. त्यावर सीजीएसटी आणि एसजीएसटी अशा अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन ओळी असतील, तर तो पाच टक्के सरकारी कर आहे, तो द्यावाच लागतो आणि त्यात हॉटेलचा दोष नाही. घाईत पुष्कळांचा इथे घोटाळा होतो. पण "सर्व्हिस चार्ज" अशी वेगळी ओळ असेल, तर तो तुम्ही भरायला बांधील नव्हता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून स्पष्ट केलंय की हॉटेलांनी तो बिलात आपोआप लावायचा नाही आणि दुसऱ्या कुठल्या नावाखालीही उकळायचा नाही. तो देणं-न देणं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आहे. हॉटेलवाल्यांच्या संघटना याविरुद्ध कोर्टात गेल्या, पण दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना कायम ठेवल्या. बिल हातात आलं की "हा काढून द्या" एवढंच म्हणायचं असतं. वाढणाऱ्या मुलाला काही द्यायचं असेल तर ते त्याच्या हातात द्यावं.

मे महिन्यात परत कोकणात जाणार असाल तर नवऱ्याशी आधीच ठरवून ठेवा, बोलायची वेळ आली तर कोण बोलणार. हात धरून खाली बसवणं मला आवडलेलं नाही. जिथे जेवायचं तिथे आदल्या दिवशी फोन करा. किती माणसं, किती वाजता, कोणता मासा, आणि सासऱ्यांना एकच्या आत जेवायला लागतं, हे सगळं सांगा. फोनवर त्यांनी हो म्हटलं की तुम्ही ऑर्डरवाले झालात. मे संपायच्या आत जा, जूनमध्ये तुम्हाला हवा तो मासा मिळेलच असं नाही.

त्याआधी, बिल सापडलं आणि त्यावर सर्व्हिस चार्जची वेगळी ओळ निघाली, तर त्या हॉटेलला फोन करून ती रक्कम परत मागा. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. बिलाचा फोटो काढून ठेवा आणि तिथे तक्रार नोंदवा.